दुसरं टोक

"साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. 'एकटाच काम करत होता, पत्रा अंगावर पडला, कुणावर संशय नाही.' एवढं लिहिण्यासाठी तुम्ही त्या शेडच्या आत तरी गेला होतात का?"

चौकीतल्या साहेबाला हे तोंडावर सुनावून हाकलली गेलेली मुलगी तडक मावशींच्या दारात येऊन उभी राहिली. मावशींची हयात विमा कंपनीत अपघातांची शहानिशा करण्यात गेली होती. आता त्या खासगी तपास करत. कॅमेरा गळ्यात अडकवून त्यांच्यामागे फिरायचा तो फोटोवाला. त्याचा स्टुडिओ कधीच बंद पडला होता. माणूस भला, पण समोरच्याचं सगळं त्याला चटकन पटायचं.

"काल संध्याकाळी बाबा गेले," मुलगी म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, पत्रा पडल्यावर बराच वेळ जीव होता. तेव्हा जवळ कुणी होतं का, एवढंच मला कळायला हवं."

"तू भेटायचीस त्यांना?"

"नाही. लहानपणी एकदा म्हटलं होतं, बाबा, मी धरते दुसरं टोक. केवढ्यांदा ओरडले! मग दाराआडून चोरून वेल्डिंग बघितलं. रात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं झालं, दुसरा अख्खा दिवस पाणी खळेना. त्यावरून आईनं भांडण काढलं आणि आम्ही निघालोच तिथून."

शेडमध्ये एकच खुर्ची होती, एकच कप, आणि वेल्डिंगचा एकच मुखवटा. बाकी सगळं लोखंड. वाकवलेले, दुमडलेले पत्रे एकमेकांना कसेबसे टेकून उभे. ना चेहरा, ना हात-पाय. 'हे काय आहे?' असं लोक आयुष्यभर विचारत राहिले आणि मुलीचा शिल्पकार बाप आयुष्यभर 'पत्रा आहे' एवढंच सांगत राहिला.

फोटोवाल्यानं एका शिल्पावर बोट ठेवलं. "एवढा मोठा कलावंत, आणि प्रत्येक सांध्याजवळ हे देवीच्या वणांसारखे डाग. घासून काढायला काय झालं होतं?"

"जुन्या सगळ्या कामांवर आहेत?"

"सगळ्या. दवाखान्याच्या बागेतल्या शिल्पावरसुद्धा बघितलेत मी."

मावशी जमिनीवरच्या पत्र्याशी वाकल्या. दाराएवढा पत्रा. एका टोकाला वेल्डिंगचे तुटलेले टाके. बाकीची कड त्यांनी बोटानं चाचपली. गुळगुळीत होती. मग त्यांनी वर बघितलं. वजन टांगायची साखळी गुंडाळून खुंटीवर होती, धूळ खात.

शेजारीच शिल्पकाराच्या धाकट्या भावाचा लोखंडी जाळ्या-दरवाजांचा कारखाना. सकाळी मृतदेह त्यालाच दिसला होता. आताही त्याचे डोळे कोरडे ठणठणीत.

"रडू आलं नाही?" फोटोवाल्यानं विचारलंच.

"नाही आलं. दाखवू कुठून?" भाऊ म्हणाला. "तीस पावलांवर मी राहतो. एकदा तरी म्हणाला असता, ये रे, धर जरा. कमीपणा वाटायचा. मी त्याच्या कामाला भंगार म्हणायचो, तो माझ्या कामाला नुसते दरवाजे. मी धरला असता, तर पत्रा पडला नसता."

बाहेर पडल्यावर फोटोवाला कुजबुजला, "हाच! दगड आहे दगड."

संग्रहालयाचे संचालक पडदे ओढून अंधारात बसले होते. ओला रुमाल डोळ्यांवर. पाणी थांबत नव्हतं. डावा गाल आणि मान भाजल्यासारखी लाल, उजवी बाजू नितळ.

"आपला माणूस गेला हो," ते म्हणाले. "नव्या दालनाचं उद्घाटन तोंडावर आलंय, त्यांचं नवं शिल्प तिथं मधोमध उभं राहायचं होतं. मी महिनाभर तिकडं फिरकलोसुद्धा नाही. फिरकलो असतो तर..."

फोटोवाल्याचेच डोळे भरून आले. "बघा," तो जिन्यात म्हणाला, "सख्खा भाऊ कोरडा, आणि परका रडून रडून आंधळा व्हायची वेळ."

दुपारी मावशींनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. चौकीतल्या साहेबालाही.

"या माणसाची सही कुठं असते, सांगते," मावशींनी जुन्या शिल्पावरचे डाग दाखवले. "सांधा जोडताना दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. याला कुणी नव्हतं. म्हणून हा आधी आधाराच्या पट्ट्या चिकटवायचा, काम झालं की कापून टाकायचा. त्यांचे हे वण. ते यानं कधी घासले नाहीत. आता हा पत्रा बघा. एका टोकाला टाके आहेत, दुसऱ्या टोकाला एकही वण नाही. साखळी खुंटीवर. मग दुसरं टोक हवेत होतं?"

भावानं मान वर केली. "कुणीतरी धरलं होतं."

"तू नाहीस. तू मुखवट्याशिवाय उभा राहिला नसतास. इथं मुखवटा एकच, तो शिल्पकाराच्या तोंडावर सापडला. म्हणजे धरणारा उघड्या तोंडानं उभा होता. मान फिरवा, डोळे मिटा, असं त्याला सांगितलं असणार. तरी त्यानं बघितलं. या मुलीनंही बघितलं होतं, आणि दुसरा अख्खा दिवस तिच्या डोळ्यांचं पाणी खळलं नव्हतं."

फोटोवाल्याची नजर सावकाश संचालकांच्या लाल गालाकडे वळली. त्याला स्वतःच्याच आसवांची लाज वाटली.

"उद्घाटनाची घाई तुम्हाला होती," मावशी म्हणाल्या. "पट्ट्या लावण्यात दिवस जातो. तुम्ही म्हणालात, मी धरतो. जन्मात पहिल्यांदा यानं कुणावर तरी भार टाकला. हे रडं नाही, वेल्डिंग आहे. गालही त्याच उजेडानं भाजलाय. साहेब, यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, तो एका नजरेत सांगेल. आणि जाता जाता तुमचा तो कागद फाडा."

संचालक डोळ्यांवर रुमाल धरून खुर्ची शोधत मागे सरकले. ती एकुलती एक खुर्ची.

"ठिणगी उडाली हातावर," ते पुटपुटले. "सुटला. मी घाबरलो. मला वाटलं, ते गेलेच."

"गेले नव्हते," मुलगी म्हणाली. ती त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "काका तीस पावलांवर होते. तुम्ही पाठ फिरवलीत तेव्हा बाबांनी हाक मारली? रुमाल काढा. माझ्याकडे बघून सांगा, मारली की नाही?"