रोशनने परत घेतलेली ओळ

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथेच सोडा, पण माझ्या भावावर हसू नका.

बाळ झोपलंय तेवढ्यात लिहून घेते.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. मे महिन्यातली भर दुपार होती, भिलाईच्या जुनवानीतलं आईचं घर होतं.

रोशन माझा धाकटा भाऊ. रसमड्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. सुट्टीला मित्रांच्या रॉक बँडमध्ये गायचा. गाणी तोच रचायचा, कधी कागदावर न उतरवता. एप्रिलमध्ये तो कारखान्यातल्या उंच प्लॅटफॉर्मवरून पडून वारला. तिथला कठडा तुटलेला आहे, हे सोबतच्या प्रत्येकाला माहीत होतं.

मग त्याचं शेवटचं गाणं सगळ्यांच्या मोबाइलवर फिरू लागलं. व्हिडिओखाली लोक अर्थ लावू लागले. कोणी म्हणे प्रेमभंग. कोणी म्हणे नशा.

मग कारखान्यालाही अर्थ सापडला.

गाण्याच्या शेवटच्या ओळीत उंचावरून उडी आहे... म्हणजे पोराने स्वतःच उडी मारली.

त्या दुपारी कारखान्याचे अरुणकुमार साहेब हेच टाइप करून घेऊन आले. मुलगा मनाने खचला होता, असं. आईने खाली फक्त सही करायची.

आई म्हणाली, "खचलेला माणूस भाच्यासाठी पांगुळगाडा आणून ठेवते का? चालणं शिकवाचं होतं त्याले."

साहेबांनी मोबाइल काढला. "माताजी, खुद उसी ने लिखा है. सुन लीजिए."

मी पाळण्याची दोरी धरून बसले होते. त्या ओळीचा अर्थ मला माहीत होता. लहानपणी स्टील प्लांटच्या सेक्टरमधल्या आमच्या क्वार्टरमागे वाळूचा ढीग असायचा. रोशन भिंतीवरून उडी मारायचा आणि मी खाली हात पसरून उभी राहायची. गाण्यातली ती खाली उभी असलेली मी होते. ओळ मरण्याची नव्हतीच, झेललं जाण्याची होती.

मी हे सगळं साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, घरचे लोक असंच म्हणतात.

आणि त्यांनी गाणं लावलं.

तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला... खोलीत फक्त रोशनचा आवाज.

शेवटची ओळ आली.

गिटार वाजत होती. ड्रम वाजत होते.

आवाज नव्हता...

साहेबांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. रोशन छान गात आला. त्या ओळीवर पोचला, आणि गप्प.

त्या गप्प जागेत, अगदी माझ्या पायाशी...

धप्प.

वाळूत एखाद्या पोराने उडी मारावी तसं. खाली तर कोरडी फरशी होती.

साहेबांनी फरशीकडे पाहिलं आणि गाणं बंद केलं. आईने कागद त्यांच्याकडे सरकवला. "सही नाही द्याची म्हणते तो," ती हळूच म्हणाली. "तुमी जा आता."

ते गेले. पुन्हा कोणी आलं नाही.

संध्याकाळी मी समीरला फोन केला. बँडमध्ये तो गिटार वाजवतो, मूळ रेकॉर्डिंग त्याच्याकडे होतं. त्याने ते लावलं. मग मागे नेऊन पुन्हा लावलं.

"ताई, मेरे सामने गाया था उसने," तो म्हणाला. "यहाँ कुछ भी नहीं है."

मला बरंच वाटलं, खरं सांगते. छान केलंस रोशन, म्हटलं. तुझी ओळ, तू परत घेतलीस. आता लावा म्हणावं अर्थ.

काल बाळ फार किरकिर करत होतं. मांडीवर थोपटत मी तेच गाणं म्हणू लागले. त्या ओळीपाशी आले...

शब्दच नाहीत.

चाल आठवते. अर्थ आठवतो. गळ्याला पडलेले त्याचे वाळूने भरलेले हात आठवतात. शब्द तेवढे नाहीत. समीरला विचारलं, त्यालाही नाही.

त्यांच्याकडून घेतलीस ते ठीक केलं. माह्याकडून काहून घेतली, रोशन?

रागारागाने मी आज पुन्हा म्हणून पाहिलं. तिथेच अडले.

आणि बाळ रडायचं थांबलं. माझ्याकडे बघत नव्हतं. मान कलती करून ऐकत होतं... एक ओळ संपायला लागतो तेवढाच वेळ.

मग खुदकन हसलं.

मला काहीच ऐकू आलं नाही.