आज दुपारपासून हरवली आहे

माझ्या भाचीच्या डाव्या पायात निळा बूट होता, उजवा पाय मोकळा. बुटांच्या दुकानातल्या एका बाईंची नजर एकदा तिच्याकडे, एकदा हातातल्या मोबाइलकडे...

"अगंबाई! ही तर ती हरवलेली मुलगी! हे बघा, भुवईवर टाक्यांची खूणसुद्धा आहे!"

कुणीतरी दार अडवलं. "तुम्ही कोण हिच्या?"

"मावशी."

"मावशी काय, कुणीही सांगेल!"

भाची रडायला लागली आणि लोकांना पुरावाच मिळाला. एका गृहस्थांनी माझा फोटो काढला. 'मुलं पळवणारी बाई सापडली' असं लिहून पाठवणार होते म्हणे.

"एक मिनिट." भाचीपुढे गुडघ्यावर बसलेला दुकानदार उठला. "मेसेजखाली नंबर आहे ना? कुणी लावून बघितला?"

कुणीच नाही. मग त्यानेच लावला... आणि माझी पर्स वाजायला लागली.

"चोर हुशार असतात हल्ली," फोटोवाले गृहस्थ पुटपुटले.

दुकानदाराने भाचीला विचारलं, "आईचा नंबर पाठ आहे?" तिने हुंदके देत आकडे सांगितले. त्याने स्पीकर लावला. "बुटांच्या दुकानातून बोलतोय. तुमची मुलगी इथे आहे."

"हो, मावशीबरोबर पाठवलंय मीच," माझ्या ताईचा आवाज. "चमचमणारे मागेल, मुळीच देऊ नका!"

कुणीतरी हसलं आणि गर्दी पांगली. 'चुकलं' असं मात्र कुणी म्हटलं नाही. निघालेल्या गृहस्थांना दुकानदाराने थांबवलं. "साहेब, तो फोटो काढून टाका. माझ्यासमोर." त्यांनी काढून टाकला.

मग तो पुन्हा खाली बसला आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधू लागला. "मेसेज कधीचा आहे?"

"तीन वर्षांपूर्वीचा. प्रदर्शनात दोन तास सापडत नव्हती. एका स्टॉलच्या टेबलाखाली झोपली होती."

"लिहिला कुणी?"

"मीच."

"'आज दुपारपासून हरवली आहे'," त्याने आपल्या मोबाइलवर वाचलं. "आज म्हणजे कधी? तारीखच नाही की."

मला राग आला. इतकं होऊन हा माझीच चूक काढतो! पण रात्रीपर्यंत राग ओसरला, कारण चूक माझीच होती. तीन वर्षं तो मेसेज ज्याच्या हातात पडला, त्याच्यासाठी ती 'आजच' हरवत होती. आणि सापडल्यावर मी कळवलं ते फक्त घरच्यांना.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. "मॅडम, बूट लागत नाहीत ना?"

"लागायला ती घालेल तर ना. घराबाहेर पडायला तयार नाही ती."

"मग हा मेसेज थांबवायला हवा. दुकान सातला बंद करतो. येता?"

मी गेले. ती सुखरूप सापडल्याचं आम्ही लिहिलं, या वेळी तारखेसकट. मग रोज सातला दुकानाबाहेरच्या बाकावर चहा घेत, ज्याच्याकडून जुना मेसेज आला, त्याला फोन करायचा, त्याला कुणी पाठवला ते विचारायचं, मग त्या माणसाला फोन. कुणी "आम्हाला काय माहीत!" म्हणून खेकसलं, की तो फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघून एक भुवई उडवायचा. आणि मग पुन्हा त्याच थंड आवाजात, "हो काका, तुमचा हेतू चांगलाच होता..."

"तुम्हाला कधी राग येत नाही?" मी एकदा विचारलं.

"येतो की. दिवसभर लोक सहा नंबरचा पाय चार नंबरच्या सँडलमध्ये कोंबतात. सवय झालीये."

"माझा नंबर कितीचा?"

"पाच," तो खाली न बघता म्हणाला. मग कानापर्यंत लाल झाला.

त्या मेसेजवरून मला आठवड्याला पाच-सहा अनोळखी फोन यायचे, ते एकावर आले. दोन महिन्यांनी भाची निळे बूट घालून एकटी कोपऱ्यावरच्या मैत्रिणीकडे गेली, तेव्हा ताई खिडकीत उभी राहून रडली. काम संपलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही... पण सात वाजले की मी उगाचच घड्याळाकडे बघायचे.

आणि एका दुपारी तो माझ्या कामाच्या जागी आला. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते.

"खालची ओळ दिसत नाही," तो म्हणाला.

त्याला खुर्चीत बसवून मी तपासणीची फ्रेम चढवली आणि काच बदलली. "आता?"

"नाही."

"आता?"

"आणखीच नाही."

"ही साधी काच आहे," मी म्हटलं. "तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. खरं सांगा, काय काम आहे?"

त्याने ती जड फ्रेम काढली. "आमच्या काकांनी आपल्याला बाकावर चहा पिताना बघितलं. आणि घरच्या ग्रुपवर टाकलं की... आपलं लग्न ठरलं. मला काही न विचारता. बावन्न जणांनी अभिनंदन केलंय."

मला हसू आलं, पण त्याचा चेहरा गंभीर होता.

"खुलासा करायलाच हवा," तो म्हणाला. "पण तुमच्याबद्दल लिहायचं, तर तुम्हाला दाखवल्याशिवाय कसं पाठवू?" त्याने मोबाइल पुढे केला. एकच वाक्य होतं. 'ही बातमी खोटी आहे, आमचं लग्न ठरलेलं नाही.'

मी दोनदा वाचलं. वाक्य अगदी खरं होतं, तरी मोबाइल परत देववेना.

"एक दुरुस्ती करू?"

"करा की."

'लग्न' या शब्दानंतर मी 'अजून' घातलं आणि मोबाइल परत दिला.

त्याने वाचलं. मग परत वाचलं, ओठ हलवत, लहान मुलासारखं.

"हे... खरं आहे?"

"मला काय विचारता? निम्मी माहिती तुमच्याकडे आहे."

"माझ्याकडची पक्की आहे," तो हळूच म्हणाला. "दोन महिन्यांपासून."

"मग पाठव," मी म्हटलं. 'पाठवा' म्हणायचं विसरलेच.