डाव्या कानाचं निरीक्षण

"आत ती खडूस बाई आहे का हो?"

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर डबा उघडून बसलेल्या बाईला त्याने विचारलं. तिने घास सावकाश चावला, गिळला आणि म्हणाली, "नाही. बाहेर जेवतेय."

त्याने आ वासला तो तसाच राहिला.

ती संस्थेची सचोटी अधिकारी. कोणी प्रयोगाचे आकडे रंगवले, कोणी दुसऱ्याचं लिखाण आपल्या नावावर खपवलं, कोणी मेहुण्याच्याच कंपनीतून सूक्ष्मदर्शक मागवले, की प्रकरण तिच्या टेबलावर. संस्थेच्या आचारसंहितेची ब्याण्णव कलमं तिनेच लिहिलेली, म्हणून सगळे तिला कलमबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायला छाती लागते, आणि ते पद संस्थेत मंजूर नव्हतं. घरी आई कपाळावर हात मारून घेई, "बघायला आलेल्या मुलाकडे मागच्या नोकरीचं शिफारसपत्र मागितलंस! आता बस कलमं कुरवाळत."

"तक्रार नोंदवायचीय," तो कसाबसा म्हणाला.

"कोणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

तिच्या हातातला घास हातातच राहिला. अकरा वर्षांत माणसं साहेबाविरुद्ध आली, शेजारच्या टेबलाविरुद्ध आली, एक गृहस्थ तर प्रयोगशाळेतल्या मांजराविरुद्ध आले. स्वतःविरुद्ध आलेला हा पहिलाच. तिने त्याला पुन्हा नीट पाहिलं. नखांत माती, खिशाला अडकवलेला चिमटा, आणि डोळे... पण डोळ्यांबद्दल कुठलंच कलम नव्हतं. तिने डबा बंद केला.

तो रोपांचा शास्त्रज्ञ. त्याने बनवलेल्या एका द्रावणाने रोपांची मुळं दुप्पट वाढतात, असा त्याचा निबंध वर्षभर गाजत होता.

"मुळं द्रावणाने वाढलीच नाहीत," तो म्हणाला. "द्रावणाचा ट्रे खिडकीशी होता आणि साध्या पाण्याचा भिंतीशी. जी काही करामत, ती उन्हाच्या उबेची."

"कधी लक्षात आलं?"

"परवा. ट्रेच्या जागी खुर्ची टाकली, चार वाजता चहा घेत बसलो, आणि उजवा कान तापला."

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"कानाला."

तिने ओठ आवळले. "दोन महिन्यांनी तुमचा करार संपतोय. निबंध तर मागे घ्यावाच लागेल. त्यात हे जाणूनबुजून केलं असं ठरलं, तर..."

"तर घरी. ठाऊक आहे."

"मग गप्प का नाही बसलात?"

"बसलोच होतो की! तिथेच तर कान तापला."

ती हसली. कार्यालयीन वेळेत, अकरा वर्षांत पहिल्यांदा. वरच्या मजल्यावरचा शिपाई कठड्यावरून वाकून बघून गेला, की कोण पडलं.

दुसऱ्या दिवशी चारला ती त्याच्या प्रयोगशाळेत हजर. आरोपीच्या कानावर विश्वास कसा ठेवणार? तपास अधिकाऱ्याने स्वतःचा कान लावायला हवा. ती खुर्चीत बसली. तो तिच्या डाव्या बाजूला उभा राहिला, हातात घड्याळ.

"हलू नका," तो म्हणाला. "वीस मिनिटं."

"मी हललेच नाहीये."

"मान हलली."

"तुम्ही मानेकडे कशाला बघताय? घड्याळाकडे बघा."

"घड्याळ काय, ते आपलं आपण चालतं..."

खिडकीतून तिरपं ऊन आलं. काचेवरच्या थेंबांची सावली तिच्या गालावरून सरकत गेली. त्याने वाकून ती पाहिली – निव्वळ शास्त्रीय कुतूहलाने, असं त्याचं म्हणणं. सोळाव्या मिनिटाला उजवा कान तापला. तिने वहीत लिहिलं. अठराव्या मिनिटाला तिची लेखणी थबकली.

डावा कानही तापला होता. आणि डाव्या कानावर ऊन नव्हतं. डाव्या बाजूला तो होता.

आता पंचाईत अशी, की निरीक्षण गाळणं हा एकतिसाव्या कलमाखाली गुन्हा. तिने क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं आणि ठाम अक्षरात लिहिलं, "डावा कानही तापला. कारण ऊन नव्हे."

"काय लिहिलंत?" त्याने मान उंचावली.

"गोपनीय," ती म्हणाली आणि वही मिटून निघाली.

ती थेट संचालकबाईंकडे गेली. कलम एकोणीस: तपास करणाऱ्याचा संबंधित माणसात जीव गुंतला असेल, तर त्याने ते जाहीर करावं आणि बाजूला व्हावं. छापील नमुन्यात "नातं" या रकान्यात तिने लिहिलं होतं, "अजून नाही."

संचालकबाईंनी चष्मा पुसला. "अजून नाही म्हणजे?"

"म्हणजे वस्तुस्थिती, बाई."

"तू बाजूला झालीस तर तपास संख्याकाकांकडे जाईल. तू तर त्याला निर्दोषच ठरवणार होतीस ना?"

"तो निर्दोषच आहे. पण मी ठरवलं तर लोक म्हणतील, कलमबाईने ठरवलं. मला ते त्याच्या नावाला चिकटलेलं नको."

संख्याकाका म्हणजे संस्थेचे सर्वांत जुने संख्याशास्त्रज्ञ. स्वतःच्या चाळीस वर्षांच्या संसाराबद्दलसुद्धा ते म्हणत, "एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही." अशा माणसाच्या हाती त्याची नोकरी देऊन ती बाहेर पडली. पाय जड होते, पण चाल सरळ होती.

तो जिन्यात भेटला. "तुम्ही माझं प्रकरण सोडलंत? माझं काही चुकलं?"

"नाही."

"मग?"

"कलम एकोणीस," एवढंच बोलून ती पायऱ्या उतरली. आणि हा असा भला माणूस, की आचारसंहिता उघडून बघायचंही त्याला सुचलं नाही.

तीन आठवडे संख्याकाकांनी त्याच्या सगळ्या वह्या, सगळे ट्रे आणि अर्थात खुर्चीही तपासली. निकाल लागला: चूक, पण प्रामाणिक चूक. निबंध मागे, त्यामुळे मिळणारी बढती रद्द, करार मात्र एक वर्षासाठी वाढला. संख्याकाकांनी खाली स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "असा माणूस संस्थेत दुसरा आढळला नाही. नमुना लहान आहे, तरी जपावा."

त्या दुपारी तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीपाशी आला. ती डबा उघडून बसली होती. त्याच्या हातात अहवाल होता.

"कलम चव्वेचाळीस," तो म्हणाला. "तपासातली सगळी निरीक्षणं, काटछाट न करता, संबंधित माणसाला द्यावीत."

"हो."

"पान सात... डावा कान."

"हो."

"हे माझ्या हातात पडणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

"ते कलम मीच लिहिलंय," ती म्हणाली आणि शांतपणे घास घेतला.

तो खालच्या पायरीवर बसला. "पण... एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही."

"बरोबर. प्रयोग पुन्हा करायला हवा. चारला येते."

चारला आभाळ गच्च भरलं होतं. उन्हाची तिरीपसुद्धा नव्हती. या वेळी तिने त्याला खुर्चीत बसवलं, घड्याळ हातात घेतलं आणि त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली.

"आज ऊन नाहीये," तो पुटपुटला आणि मान वळवू लागला.

"म्हणून तर," ती म्हणाली. "हलू नकोस."

नका नाही. नकोस! तो हलला नाही. पण दुसऱ्याच मिनिटाला त्याचे दोन्ही कान लालबुंद झाले, आणि तिने घड्याळ बंद करून टेबलावर ठेवून दिलं.