काळ्या किनाऱ्यावरचा जीवखडा

आम्ही ग्रीसला गेलो ते एक दगड आणायला. बाकी कशालाही नाही. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने "पर्यटन?" असं विचारलं, तेव्हा विश्वेशकाकांनी जोरजोरात मान डोलावली आणि मी गप्प उभी राहिले. खरं सांगितलं असतं तर त्याने आम्हाला तिथूनच परत धाडलं असतं.

झालं होतं असं. माझा धाकटा भाऊ सुश्रुत ज्वालामुखीच्या खडकांचा अभ्यास करायला युरोपात गेला होता. गेल्या नोव्हेंबरात, एजियन समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर, तो खडकांचे नमुने गोळा करत असताना लाट आली आणि त्याला घेऊन गेली. तिथले लोक त्या जागेला नुसतं 'काळा किनारा' म्हणतात. त्याची पिशवी सापडली, एक बूट सापडला. तो सापडला नाही. पोलिसांनी अकरा दिवस शोधलं आणि मग कागद पाठवला.

आमचं घर बनारसला, ब्रह्मा घाटावर. बाबा, म्हणजे नरहरशास्त्री, वैदिक. लोकांचे दिवस करण्यात त्यांचा जन्म गेला. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको. पण आई ऐकेना! रोज सुश्रुतचं ताट मांडायची, रोज ते झाकून ठेवायची. बाबा समजवायला गेले की म्हणायची, "तो जिथे गेला तिथला जीवखडा माझ्या हातात द्या. मग मी म्हणेन, गेला म्हणून. तोवर पुतळा-बितळा काही नाही."

जीवखडा म्हणजे दहनाच्या वेळी उचललेला साधा खडा. गेलेल्याचा जीव त्यात आहे असं मानायचं, दहा दिवस त्यावर तिलांजली द्यायची आणि मग तो पाण्यात सोडायचा.

"अगं, खडा इथल्या घाटावरचाही चालतो. शास्त्र आहे," बाबा म्हणाले.

"शास्त्राला चालत असेल. मला नाही चालत."

आठ महिने घर तिथेच अडून बसलं. माझं म्हणाल तर मला काहीच वाटत नव्हतं. बँकेत जायचे, यायचे, जेवायचे, झोपायचे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "रो लो अवनी बिटिया, मन हलका होगा." मी काय नळ आहे, फिरवला की वाहायला? व्हिसा हातात पडला तशी मी रजा टाकली. काका म्हणाले, "अकेली कशी जाशील? मी येतो." चाळीस वर्षं रेल्वेत तिकिटं तपासलेला माणूस. आपण सोबत असलो की जग वेळेवर चालतं, अशी त्यांची ठाम समजूत आहे.

बेटावर पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच पायी निघालो. पोलिसांच्या कागदावर नकाशा होता. गावाबाहेर ऑलिव्हची झाडं संपली आणि लाव्ह्याचं रान सुरू झालं. कधी काळी उकळून वाहिलेला तो रस जिथल्या तिथे थिजला होता. त्याचे काळे, तांबूस, गंजलेल्या रंगाचे ढीग समुद्रापर्यंत पसरले होते, अनारशासारखी जाळी पडलेले, पण धार अशी की नुसता हात टेकला तरी कातडी सोलून निघावी. सावली कुठे औषधालाही नाही. ऊन वरून येत होतं आणि खालूनही.

"का गं, हे असं किती?" काकांनी अर्ध्या तासात विचारलं.

"पाच किलोमीटर."

"गाडीने सात मिनिटं," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

तिसऱ्या किलोमीटरला त्यांच्या बुटाचा तळ फाटला. त्यांनी तो सुतळीने बांधला. चौथ्याला ते घसरले, गुडघा फुटला. रक्त पायमोज्यापर्यंत आलं, पण थांबायला तयार नाहीत! आणि पाचव्या किलोमीटरला वाटच संपली. पुढचा कडा कोसळून समुद्रात गेला होता. नवी दरड, कागदावर नसलेली. तारेचं कुंपण आणि लाल पाटी.

मी कुंपणाला धरून खाली वाकले. दोनशे फूट खाली तो किनारा दिसला. काळे कडे, मध्ये काळ्या गोट्यांची पट्टी, आमच्या घाटाच्या पायऱ्यांपेक्षा काही फार मोठी नव्हे.

"तोच का गं?" काकांनी विचारलं.

"तोच."

मला वाटलं होतं, ती जागा बघून तरी रडू येईल. काही झालं नाही. तहान लागली होती एवढंच. बाटल्या रिकाम्या होत्या. आम्ही मागे वळलो आणि परतीचे पाच किलोमीटर काका दर शंभर पावलांना बुटाची सुतळी आवळत चालले. 

आता राहिला समुद्र. बंदरावर लेफ्तेरिस नावाचा साठीचा कोळी जाळं शिवत बसला होता. काळ्या किनाऱ्याचं नाव काढताच त्याने नकाराची मान हलवली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "जुलै आहे. दहा वाजता उत्तरेचा वारा सुटतो. तिथे नाव लागत नाही. आणि इथून दगड न्यायला बंदी आहे."

मी फोन काढून त्याला सुश्रुतचा फोटो दाखवला. त्याने हात पुसून फोन हातात घेतला.

"याला शोधायला मी नऊ दिवस गेलो होतो," तो म्हणाला. मग सुई जाळ्यात खोचून उठला. "सकाळी सहा. मी नाव किनाऱ्याला लावणार नाही. अर्धा तास थांबेन. दगड एक. लहान."

सकाळी समुद्र तेल ओतल्यासारखा शांत होता. पण नाव सुरू होईना! लेफ्तेरिसने इंजिन उघडलं, फुंकलं, शिव्या घातल्या, पुन्हा जोडलं. निघेपर्यंत आठ वाजून गेले. काका घड्याळ बघत होते. "लेट," ते पुटपुटले. "दोन तास लेट."

नऊच्या सुमारास आम्ही कड्याखाली आलो. किनारा शंभर हातांवर होता. उजव्या अंगाला एक सुळका पाण्यातून वर आला होता.

"पिशवी त्या सुळक्यापाशी होती," लेफ्तेरिस म्हणाला.

काकांनी आपला पंचा माझ्या कमरेला बांधला. "टोकात खडा बांध, गाठ घट्ट मार. आणि पगले, ही गंगा नाही, ध्यानात ठेव!"

"पाणी ते पाणीच, काका," म्हटलं आणि उडी मारली.

हाच तो मूर्खपणा. आम्ही घाटावरची मुलं. बाबांनी सुश्रुतला आणि मला एकाच उन्हाळ्यात पोहायला शिकवलं, रामघाटासमोर. गंगेत सरळ पोहायचं नसतं. जिथे पोचायचं त्याच्या वरच्या अंगाला तोंड करायचं आणि तिरकं मारत जायचं. धार आपल्याला आपोआप नेमक्या जागी आणून सोडते. हे आमच्या हाडात मुरलं आहे. पण गंगेला एकच दिशा असते. समुद्राला नसते, तो येतो आणि जातो.

जाताना निभावलं, पाणी शांत होतं. पायाखाली गोटे लागले. लाट मागे सरली की ते सगळे खडखड करत खाली गडगडायचे, पुन्हा वर ढकलले जायचे. मी सुळक्याच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले. सुश्रुत इथे होता. इथेच वाकला असेल. कुठला खडा घेऊ? सगळे सारखेच काळे, सगळे ओले. एखादा आपल्याशी बोलेल असं कुठेतरी वाटत होतं मला. कसलं काय! शेवटी सुपारीएवढा एक उचलला, पंच्याच्या टोकात घालून दोन गाठी मारल्या.

तेवढ्यात लेफ्तेरिसची शिट्टी वाजली. एकदा. दोनदा. मग थांबेचना!

वारा आला होता. वेळेआधी. बघता बघता पाण्याचा रंग फिरला, पांढरे फेस उठले, नाव खालीवर हिंदकळू लागली. मी पाण्यात शिरले. पाणी उजवीकडे ओढतंय असं वाटलं. हातपायांनी मला विचारलंच नाही. डावीकडे, सुळक्याच्या अंगाने, तिरकं! धार नेईल नावेपाशी!

धार नव्हतीच. लाट आली, तिने मला उचललं आणि सुळक्यावर फेकलं.

धाड!

मी दोन्ही हातांनी खडक पकडला. लाट मागे सरली आणि तळहातांवरून खडक किसणीसारखा फिरला. दुसरी लाट. पाणी डोक्यावरून गेलं. वर येऊ पाहते तर येता येईना! कमरेला हिसका बसला. पंचा कपारीत अडकला होता.

आणि तेव्हा, पाण्याखाली, मला कळलं. सुश्रुतनेही हेच केलं असणार. पडला असणार, आणि बाबांनी शिकवलं तसं तिरकं पोहला असणार, सुळक्याकडे. हे मी बाबांना कधीही सांगणार नाही.

तोंड वर आलं. एक श्वास. "सोड! पंचा सोड!" काका ओरडत होते. लेफ्तेरिसने नाव मागे मागे घेत सुळक्यापासून दहा हातांवर आणली होती. काकांनी फेकलेला दोर माझ्या खांद्यावर पडला. मी एका हाताने तो धरला, दुसरा हात कमरेला गेला. गाठ. त्या गाठीच्या पलीकडे, कपारीत, आठ महिन्यांचं काम.

"अवनी! आईची दोन्ही लेकरं जाऊ देऊ नकोस गं!"

मी गाठ ओढली. सुटली. पंचा गेला. दोर ताणला, पाणी नाकातोंडात, काकांची मूठ माझ्या केसांत! आणि मी फळ्यांवर उताणी पडले होते.

"परत फिरवा," मी लेफ्तेरिसला म्हटलं. "मला जागा माहीत आहे. एकदाच."

त्याने नाव बंदराकडे वळवली. काका माझ्यावर ओणवून हमसून रडत होते. माझ्या तळहातांतून रक्त ठिबकत होतं. खारं पाणी झोंबायला हवं होतं, पण झोंबलं नाही. ते हात दुसऱ्या कुणाचे असावेत तशी मी बघत राहिले.

दवाखान्यात त्यांनी जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. बंदरावर परतताना काकांनी धक्क्याखालचा एक काळा खडा उचलला. "हाही याच बेटाचा. वहिनींना कोण सांगायला जातंय?"

मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि समुद्रात भिरकावला. "खोटंच सांगायचं तर मग 'सुश्रुत येतोय' असंच सांगू की!"

काका खाली मान घालून म्हणाले, "चुकलो, बेटा."

पाचव्या दिवशी आम्ही ब्रह्मा घाटाची गल्ली चढलो. आई दारातच होती. तिने हात पुढे केला.

"आणलास?"

"हातात आला होता, आई. सुटला. सुटला नाही, मी सोडला. नसता सोडला तर मी आले नसते." 

आईचा हात तसाच पुढे राहिला. काका काहीतरी बोलायला गेले, बाबांनी त्यांना खुणेनं थांबवलं. मग आईने माझा हात ओढला, पट्टी सोडली आणि तळवा उजेडाकडे धरला. अंगठ्याच्या मुळाशी, कातडीच्या आत, एक काळा ठिपका होता. मोहरीएवढा.

"हे काय?"

"खडकाचा कण. डॉक्टर म्हणाली, एखादा आत राहिला असेल."

"त्या खडकाचा?"

"सुळक्याचा. तिथलाच."

आईने डब्यातून सुई काढली, समईच्या ज्योतीवर तापवली आणि मला उंबऱ्यावर बसवून माझा हात मांडीवर घेतला. काटा काढतात तशी ती हळूहळू उकरू लागली. सुई खोल गेली.

"आई गं! दुखतंय!"

"दुखणारच बाळा. थांब जरा."

कण बाहेर आला. आईने तो बोटाच्या टोकावर घेतला, डोळ्यांजवळ नेला, पुष्कळ वेळ पाहिला. मग मूठ मिटून छातीशी धरली.

"गेला गं," ती म्हणाली. "सुश्रुत गेला."

बाबा उंबऱ्याजवळ आले. आई त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "अहो, पंचांग काढा."

माझा हात आता सडकून दुखत होता, मनगटापासून खांद्यापर्यंत. मी तिथेच उंबऱ्यावर, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, भोकाड पसरून रडले.