नांदेडचे सर्व्हर आणि लातूरची विशाखा

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच थांबली आणि दिवे गेले. माझ्या पायाशी सर्व्हरचं जड खोकं होतं, आणि समोर एक अनोळखी तरुण…

“घाबरू नका,” त्यानं मोबाईलचा उजेड लावला. “लाईट गेली असंल. येईल.”

“मी कशाला घाबरू? हे खोकं घाबरलंय बघा.”

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडली. “कुठून आल्या?”

“लातूरहून, मुख्य ऑफिसातून. आमच्या क्लासेसची शाखा आहे ना इथं, तिसऱ्या मजल्यावर. तिथले एक आलोक म्हणून इंजिनिअर आहेत. नवी पद्धत बसवू म्हटलं, की माझ्या प्रत्येक मेलला त्यांचं एकच उत्तर – गरज नाही.”

“लई हट्टी दिसतो.”

“हट्टी? भेटू तर द्या!”

“भेटला की,” तो हळूच म्हणाला. “मीच तो.”

मी लाजले वगैरे नाही. “बरं झालं. आता लाईट येईपर्यंत पळताही येणार नाही. ऐका. परीक्षेची तुमची सगळी व्हर्च्युअल मशीन, ते सगळे आभासी संगणक, एका सर्व्हरवर चालतात, आणि त्यांच्या डिस्कही त्याच सर्व्हरच्या पोटात. तो बंद पडला की परीक्षा बसली. मी डिस्क बाहेर काढणार. तीन वेगळ्या स्टोरेज सर्व्हरवर, प्रती करून ठेवणार. मशीन नेटवर्कवरून त्या डिस्कवरनंच सुरू होईल. मग चालवणारा सर्व्हर मेला, तर तीच मशीन शेजारच्यावर उठवायची. मुलांची उत्तरं जिथल्या तिथं.”

“आणि नेटवर्क हळू पडलं तर?”

“म्हणून फक्त या डिस्कसाठी वेगळा नेटवर्क स्विच आणलाय.”

लाईट आली, लिफ्ट हलली… आणि खोकं त्यानं न विचारता उचललं.

पुढचे काही आठवडे मी नांदेडलाच मावशीकडे राहिले. आलोक मूळचा नायगावचा. प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा, पण वाद घालता घालता कामही करायचा. केबल ओढताना आमची बोटं एकमेकांना लागली, की दोघंही एकदम स्विचच्या दिव्यांकडे बघायचो. पहिली मशीन नेटवर्कवरच्या डिस्कवरनं सुरू झाली, तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता.

“स्क्रीन बघा,” मी म्हटलं.

“पाहून राहिलो ना.”

“स्क्रीन तिकडं हाय!”

मी लातूरला परतले. क्लासेसचे मालक शिवमूर्ती सर स्पष्ट बोलणारे. “मोठ्या सराव परीक्षेत हे अडखळलं, तर आपलं जुनंच बरं,” त्यांनी बजावलं होतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी फोन वाजला. “विशाखा मॅडम, एक सर्व्हर गेला,” आलोक भरभर बोलत होता. “दुसऱ्यावर मशीन उठवून राहिलो, पण डिस्कच उघडत न्हाई म्हणते. पोरं थांबलीत.”

डिस्कच गेली की काय? पण डिस्क कुठं जाणार? तिच्या प्रती तीन ठिकाणी होत्या.

“आलोक, ऐक. डिस्क आहे. त्या सर्व्हरला ती उघडायची परवानगी नाही. स्टोरेजची चावी त्यात घातली होतीस का तू?”

“न्हाई.”

“मग आता घाल. मी आहे फोनवर.”

की-बोर्डचा आवाज येत राहिला. मग त्याचा लांब श्वास, आणि मागून मुलांचा गलका. मशीन उठली होती. ज्याचा जो प्रश्न सोडवून झाला होता, तिथूनच पुढं सगळे लिहू लागले.

संध्याकाळी शिवमूर्ती सरांनी माझ्यासमोरच आलोकला फोन लावून स्पीकरवर टाकला. “परीक्षा थांबली कशामुळं? या नव्या पद्धतीमुळं का?”

आलोकनं नुसतं ‘हो’ म्हटलं असतं, तरी तो सुटला असता. पहिल्यापासून त्याचा विरोधच होता.

“न्हाई सर. चावी द्यायचं काम माझ्याकडं होतं, ते राहिलं. चूक माझी. ही पद्धत नसती, तर पोरांचे पेपरच गेले असते.”

त्या वाक्यानं माझं ठरलं.

रविवारी तो लातूरला आला, न सांगता. गंजगोलाईच्या बाजारात आम्ही चहा घेत उभे होतो. त्यानं दोनदा घसा खाकरला.

“फोनवर तुम्ही… मला तू म्हणालात.”

“घाईत होते.”

“हाव. म्हणजे… घाईतलंच होतं का ते?”

मी कप खाली ठेवला. “आलोक, मला तू आवडतोस. हे मी अगदी निवांत बोलून राहिले.”

त्यानं मान खाली घातली. गालावरची खळी मात्र लपेना. “मला तर… त्या लिफ्टमध्येच… लाईट येऊच नये वाटत होतं, विशाखा.”

“मग चल आमच्या गावी, शिरूर अनंतपाळला. अण्णा आज घरीच आहेत.”

“आत्ता? ह्या शर्टावर?”

“शर्ट चांगलाय.”

दुपारी आम्ही घरी पोचलो. अण्णा, माझे वडील, ओसरीत पेपर वाचत होते. आलोकनं वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडं पाहिलं. मग मीच म्हटलं, “अण्णा, हा आलोक. माझ्याबरोबर काम करतो. आम्हाला लग्न करायचंय.”

अण्णांनी चष्मा काढला. आधी माझ्याकडं पाहिलं, मग बराच वेळ त्याच्याकडं. मग आत बघून आईला हाक मारली –

“अगं, दोन पानं वाढ. जावईबापू उपाशी दिसायलेत.”