खंडेनवमीचा पेनड्राइव्ह

चाकणला मेन रोड सोडून आत गेलं की पत्र्याच्या शेडींच्या रांगेत अर्जुनरावांचं डाय, म्हणजे लोखंडी साचे, बनवायचं शॉप आहे. दोन सीएनसी मशिनं, एक म्हातारा हायड्रॉलिक प्रेस आणि कोपऱ्यात काचेची केबिन. केबिनमध्ये कॉम्प्युटर, शेजारी भिंतीत खिळा, आणि खिळ्याला लाल धाग्यानं अडकवलेला पेनड्राइव्ह. कस्तुरा कॉम्प्युटरवर मशीनचा प्रोग्रॅम लिहायची आणि पेनड्राइव्हवर घ्यायची. ऑपरेटर मालोजीकाका तो नेऊन मशीनला लावायचे, काम झालं की परत खिळ्यावर. दिवसातून वीस वेळा हेच.

पेनड्राइव्हवर हळदकुंकवाचे वाळलेले डाग होते. खंडेनवमीला शॉपमधली हत्यारं धुऊनपुसून मांडली, तेव्हा हाही त्यांच्यात बसला. धागा कस्तुरानंच बांधला होता, आईच्या पद्धतीची दुहेरी गाठ मारून. अर्जुनरावांचा नियम होता, पूजेला बसलेली वस्तू पुढच्या खंडेनवमीपर्यंत बदलायची नाही आणि आतून पुसायचीही नाही. हसायचं तर हसा. पण पाचपन्नास लाखांचं मशीन कर्जावर घेऊन बसलेला माणूस कशाकशाला हात जोडतो, ते एसी ऑफिसात बसून कळत नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी अर्जुनरावांनी तिच्यापुढे एक कागद टाकला.

"हे काय आहे?"

त्यांच्याच डायचा प्रोग्रॅम होता तो. ओळ न् ओळ. फक्त भोसरीतल्या दुसऱ्या एका शॉपमधून कस्टमरच्या हाती आलेला. शेवटी कंसात कस्तुराचं नाव होतं आणि नावापुढे दोन टिंबं. ही तिची जुनी सवय. इथंच तिला काम शिकवणारा केयूरदादा आपल्या नावापुढे एक टिंब द्यायचा, म्हणून तिनं दोन धरली होती.

"शेठ, मी दिलं नाही."

"मग त्याला पाय फुटले आणि तो सहा नंबरची बस पकडून भोसरीला गेला?" अर्जुनराव ओरडत नव्हते, हे जास्त वाईट होतं. "शुक्रवारी कस्टमर येतोय. तोवर सांग कोणी दिलं. नाहीतर चोर म्हणून बाहेर पडशील, आणि या पट्ट्यात कुठलंच शॉप तुला दारात उभं करणार नाही. तेवढे फोन मी करीन."

दापोडीच्या रुळांकडेच्या दोन खोल्यांतून आयटीआय करून इथवर आलेल्या बाईकडे दुसरं काय असतं? नाव. तेच त्या कागदावर होतं.

दुपारी ती मालोजीकाकांबरोबर शेडच्या दाराशी डबा खात बसली. घास तोंडात फिरत होता. सहज केबिनकडे मान वळली, तर काचेपलीकडे स्क्रीनवरचा बाण हलत होता. हळूहळू, नीट, एखादी फाइल शोधावी तसा. खुर्ची रिकामी होती.

डबा तिथंच टाकून ती धावली आणि तिनं आधी नेटची केबल उपटली. बाण थांबला.

मग तिनं शोधायला घेतलं. हे तिला कोणी कॉलेजात शिकवलं नव्हतं, बसमध्ये मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकली होती. कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप काय काय चालू होतं, त्याची यादी तिनं उघडली. त्यात एक भलतंच नाव होतं, गणपतीतल्या तारखेचं. दर वेळी गुपचूप उठायचं आणि बाहेरच्या कोणाला तरी आत घ्यायचं, एवढंच त्याचं काम. वापरणाऱ्यांच्या यादीतही एक जादा खातं होतं, जे शॉपमध्ये कोणीच बनवलेलं नव्हतं.

ती तारीख तिनं दोनदा वाचली. केयूरदादा मोठ्या कंपनीत गेला ते गणपतीत. जाता जाता याच पेनड्राइव्हवर त्यानं नवं सॉफ्टवेअर दिलं होतं, कुलूप मोडलेली फुकटची कॉपी. "लायसन्सला कशाला पैसे घालवतेस? फक्त अँटिव्हायरस बंद कर, ते उगाच बोंबलतं." तिनं बंद केला होता. राखणदार कुत्रं भुंकतंय, तर त्याचंच तोंड बांधायचं, आणि का, तर दादानं सांगितलं! चोराला भिंत फोडायचे कष्टही पडले नाहीत.

तिनं ते नाव उडवलं, खातं उडवलं, अँटिव्हायरस सुरू केला. बुधवारी सकाळी सगळं पुन्हा जागच्या जागी होतं आणि अँटिव्हायरस बंद.

कारण खिळ्यावर लटकत होतं. पेनड्राइव्हमध्ये प्रोग्रॅमचा फोल्डर दिसायचा, तो फोल्डर नव्हताच. फोल्डरचं सोंग होतं. त्यावर डबल क्लिक केलं की आधी ती घाण कॉम्प्युटरमध्ये उतरायची आणि मग खरा फोल्डर उघडायचा. कोणाला कळणार? दिवसातून वीस वेळा, पूजेच्या वस्तूतून, तिच्याच बोटानं.

इथवर सगळं समजण्यासारखं होतं.

बुधवारी दिवसभर तिनं नेटची केबल लावलीच नाही. काढून स्वतःच्या पिशवीत, डब्याखाली ठेवली. कॉम्प्युटरला वायफाय नव्हतं. एकच्या जेवणाच्या सुट्टीत केबिनला कुलूप घातलं. परत येऊन पाहिलं, तर सकाळचा प्रोग्रॅम एक वाजून पाच मिनिटांनी सेव्ह झाला होता. शेवटी एक ओळ वाढली होती. कंसात तिचं नाव. दोन टिंबं.

तिनं पिशवीत हात घातला. केबल तिथंच होती, डब्याच्या उबेनं कोमट झालेली.

संध्याकाळी बसस्टॉपवरून तिनं केयूरला फोन लावला.

"गणपतीत दिलंस त्यात काय घातलं होतंस?"

तो हसला. "कळलं का शेवटी! अगं, दोनतीन प्रोग्रॅम घेतले असतील. नव्या जागी पाय रोवायचे होते. आणि तुझं म्हणजे काय, मीच शिकवलेलं ना?"

"भोसरीला विकलास, ते पण माझ्या नावासकट."

"ए, नाही हां. आईशप्पथ, ते मी नाही. खंडेनवमीपासून मला आत येताच येत नाहीये. पासवर्ड बदललाय ना तू."

"मी नाही बदलला. मला कालपर्यंत काही माहीतच नव्हतं."

"चेष्टा पुरे, कस्तुरा."

"मी हसतेय का?"

समोरून एक ट्रेलर गेला.

"तू शपथ घे," केयूर म्हणाला. आवाज खाली आला होता. "शेवटच्या वेळी मी आत होतो, तेव्हा माझ्यासमोर नोटपॅड उघडलं. कोणीतरी टाइप करत होतं. 'दादा, आता तू येऊ नकोस. मी आहे..' पुढे दोन टिंबं. तूच ती, म्हणून मी चार महिने तुझ्या फोनची वाट बघतोय."

"हे सगळं मेसेजवर लिहून दे. तू काय घातलंस, कधी घातलंस, आणि मला माहीत नव्हतं ते. आत्ता. नाहीतर उद्या तुझ्या नव्या कंपनीच्या गेटवर येते."

त्यानं लिहून दिलं. नोटपॅडचं मात्र लिहिलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

गुरुवारी सुट्टी. सगळा पट्टा गप्प असतो. कंप्रेसरचा आवाज थांबला की पत्र्यावर कबुतरं चालतात तेसुद्धा ऐकू येतं. अर्जुनरावांकडून किल्ली घेऊन कस्तुरा सकाळी आठलाच आली. शेजारच्या वाडीत राहणारे मालोजीकाका सोबतीला आले.

तिनं काही शिल्लक ठेवलं नाही. घराशेजारच्यांच्या स्वच्छ कॉम्प्युटरवर बनवून आणलेल्या डिस्कनं केबिनमधला कॉम्प्युटर बाहेरून सुरू केला. जुने प्रोग्रॅम एकेक उघडून, वाचून, तेवढेच बाजूला काढले. बाकी डिस्क कोरी केली, नवं विंडोज टाकलं, सगळे पासवर्ड बदलले, राउटरचासुद्धा. फुकटचं सॉफ्टवेअर परत घातलं नाही.

मग खिळ्यावरचा पेनड्राइव्ह काढून प्रेसखाली ठेवला.

"पूजेचा हाय तो, पोरी," मालोजीकाका म्हणाले. "शेठला इचारलंस का?"

"यानंच खाल्लं मला, काका."

प्रेस खाली आला. अगदी बारीक आवाज झाला, शेंग फोडल्यासारखा. चुरा, धागा, सगळं झाडून तिनं लोखंडी किसाच्या डब्यात टाकलं. सीलबंद पाकिटातून नवा पेनड्राइव्ह काढला आणि तारेची कडी घालून खिळ्याला लावला. दोन वाजता शटरला कुलूप. तीनला ती दापोडीत घरी होती. दोन रात्रींची झोप अंगावर आली आणि ती संध्याकाळपर्यंत मेल्यासारखी झोपली.

शुक्रवारी अर्जुनरावांनी केयूरचा मेसेज दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला.

"ज्याला मुलासारखा वागवला त्यानंच," ते म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, "माझंही चुकलं. किल्ली तुझ्याकडेच ठेव."

तिचे डोळे भरून आले. ती केबिनमध्ये गेली. कॉम्प्युटर सुरू केला. यादीत भलतं नाव नव्हतं. जादा खातं नव्हतं. फाइलींच्या वेळा तिनं सोडल्या तशाच होत्या.

मग तिनं खिळ्याकडे पाहिलं.

नव्या पेनड्राइव्हला तारेची कडी नव्हती. लाल धागा होता.

मालोजीकाका दारात आले, हात पुसत. "बरं क्येलंस बग. मोडला त्ये मोडला, पर नव्याची पूजा क्येलीस."

"मी नाही केली."

"आता! गाठ तुझीच हाय की."

दुहेरी गाठ. आईच्या पद्धतीची.

"काका, काल आपण गेल्यावर शटर कोणी उघडलं होतं?"

"तूच. चार वाजता. मी रस्त्यावनं हाक मारली, तू वळलीसुदिक न्हाईस." ते हसायला गेले, पण तिचा चेहरा बघून थांबले. "माझ्या डोळ्यांनी बगितलं, पोरी."

किल्ली तिच्याकडे होती. एकच किल्ली.

बाहेर गाडी थांबली. अर्जुनराव कस्टमरला घेऊन थेट केबिनमध्ये आले, चांगल्या मोकळ्या आवाजात म्हणाले, "ही आमची कस्तुरा. हिच्याबद्दल काय वाटेल ते ऐकलं असेल तुम्ही. विसरा. हिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा."

कस्टमरनं हात पुढे केला.

तिनंही केला, आणि अर्ध्यातच थांबवला.

तिच्या अंगठ्याच्या नखात हळद होती. ओली.