चौथ्या नळीवरचा थेंब

उणे अठरा अंश.

डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर.

टायरमध्ये हवा भरायचा पायपंप. त्याचं बूड चटका देतं.

"दोष आढळला नाही." तीनदा.

मुरगळलेला एक पाय, बावीस किलोमीटर वर.

पाहुण्याच्या हाती गार गाडी द्यायची नाही.

*

हे तुकडे २०५८ सालच्या नोव्हेंबरातले, हिमालयातल्या एका हिमनदी-केंद्रावरचे. ते एकमेकांना कसे जोडायचे, हे अकरा वर्षांच्या शाल्मलीला सोमवार उजाडेपर्यंत कळलं नव्हतं. त्यासाठी डोकं ताजं लागतं, आणि तिथं कुणाचंच डोकं ताजं उरलं नव्हतं.

मुरगळलेला पाय तिच्या आईचा. आई वरच्या छावणीवर एकटी अडकली होती. बुधवारी रात्री बर्फ येणार, मग घाट चार महिने बंद. इतक्या थंडीत विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या मान टाकायच्या, म्हणून केंद्रानं एक जुनी डिझेल पिकअप जपून ठेवली होती. वर जायला अख्खा दिवस, रात्री मुक्काम, सकाळी परत. पण ही पिकअप सकाळी गार असताना धड चालत नसे. थरथरायची, धूर ओकायची, बंद पडायची. दहा मिनिटं कशीबशी चालू ठेवली की मग शहाण्यासारखी वागायची. वरच्या थंडीत ती सुरूच झाली नाही, तर आईबरोबर केंद्राचे ड्रायव्हर खंडूमामाही अडकणार. म्हणून नाना त्यांना निघू देत नव्हते.

नाना म्हणजे आईचे वडील, हिमनद्यांचे शास्त्रज्ञ. तीन दिवस ते बॉनेटमध्ये डोकं घालून होते. बॅटरी बदलली, डिझेलची गाळणी बदलली. डिझेल गोठू नये म्हणून त्यात केरोसीन आधीच मिसळलेलं होतं. मापाडी नावाचा मोजमाप करणारा यंत्रमानव रोज सकाळी साडेसातला इंजिन तपासायचा आणि रोज तेच सांगायचा.

"दोष आढळला नाही."

"तुला कंटाळा येत नाही रे?" शाल्मलीनं विचारलं.

"कंटाळा नाही. बॅटरी सव्वीस टक्के आहे."

सोमवारी तिला सहालाच जाग आली. खिडकीतून पाहिलं तर खंडूमामा पिकअपशी झटत होते. धूर, धडधड, पुन्हा किल्ली. साडेसहाला गाडी सुरळीत झाली. साडेसातला मापाडी आला, तेव्हा बॉनेट उबदार होतं.

तिनं मामांना विचारलं, तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं. ते मूळचे भोरचे, तरुणपणी लग्नाच्या गाड्या चालवायचे. तेव्हापासून नियम असा, की दुसऱ्याच्या हाती द्यायची गाडी आधी तापवून ठेवायची. नानांना दम्याचा त्रास, धूर सोसत नाही, आणि मापाडी म्हणजे तर शहरातून आलेला पाहुणाच.

शाल्मलीनं उबदार बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाली, "मामा, हे म्हणजे ताप उतरल्यावर डॉक्टरकडे जाण्यासारखं झालं."

मामांचा चेहरा उतरला. "इथं बारा वर्षं मी चुकीचं करतोय म्हण की."

"गाडीसाठी नाही," मागून आलेले नाना म्हणाले. "तपासण्यासाठी, हो. आणि मला तीन दिवसांत ते सुचलं नाही, तेव्हा तुम्ही एकटेच नाही आहात."

आता इंजिन पूर्ण गार होईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. सोमवार तसाच गेला. मागचा टायर बसला होता, म्हणून शाल्मली पायपंप मारत राहिली. पंपाच्या बुडाला हात लागला आणि तिनं तो झटकन मागे घेतला.

नाना पायरीवर टेकले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, त्यांनी सांगितलं. सिलिंडरमध्ये (दट्ट्या वरखाली होतो त्या नळकांड्यात) हवा दाबली जाते. दाबलेली हवा तापते, तुझ्या पंपात तापली तशी, पण त्याहून कितीतरी जास्त. त्या हवेत डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेटतं. मात्र धातू बर्फासारखा गार असला, तर हवेची ऊब तोच ओढून घेतो. मग डिझेल न पेटताच पांढऱ्या धुरासारखं बाहेर पडतं. म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक ग्लो प्लग असतो (विजेनं लाल होणारी, बोटाएवढी कांडी). सुरुवातीची ऊब तो देतो.

"मग दहा मिनिटांनी कशी सुधारते?"

"शेजारचे सिलिंडर तापले की आजारी सिलिंडरलाही ऊब मिळते. दोष जात नाही, झाकला जातो."

"आजारी कोणता, ते कसं कळणार?"

नानांनी जांभई दिली. "पाण्यानं."

मंगळवारी उजाडता उजाडता, रात्रभर कुणी हात न लावलेली पिकअप खंडूमामांनी सुरू केली. ती खोकत, लंगडत चालू लागली. शाल्मलीनं लांब चमच्यानं, धूर वाहून नेणाऱ्या चार नळ्यांवर एकेक थेंब टाकला. पहिल्या तीन नळ्यांवरचे थेंब चर्र करून उडाले. चौथ्या नळीवरचा तसाच बसून राहिला. बघता बघता त्याचा बर्फाचा मणी झाला.

"चौथा पेटतच नाहीये," ती म्हणाली.

इंजिन बंद केल्यावर मापाडीनं चौथ्या प्लगला आपल्या दोन सुया लावल्या. प्लग धडधाकट होता. मग नानांनी किल्ली अर्धी फिरवली. पहिल्या तीन प्लगपर्यंत वीज पोचत होती, चौथ्यापर्यंत नाही. म्हणजे दोष कांडीत नव्हता, वाटेत होता. तारेच्या टोकावरची रबरी टोपी काढली, तर आत पांढरी, बुरशीसारखी गंजाची खपली. मामांनी ती पॉलिश पेपरनं घासली आणि नट आवळला. तोवर इंजिन पुन्हा गार झालं होतं; या वेळी गाडी एका किल्लीत लागली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मामांनी जेवणाचा डबा उचलला आणि ते आईला आणायला निघाले.

मापाडीनं स्वतःच्या यादीत नवी ओळ घातली: दोष ज्या अवस्थेत दिसतो, त्याच अवस्थेत मोजावे. पुढच्या वर्षी असे चाळीस मापाडी वेगवेगळ्या हिमनद्यांवर जाणार होते. ती ओळ आता त्या सगळ्यांत असेल, असं नाना म्हणाले, आणि खुर्चीतच झोपले.

बुधवारी सकाळी सव्वासातला रेडिओ खरखरला. आईच्या आवाजामागे एक जड, एकसारखी घरघर होती.

"शालू, निघालोय आम्ही."

शाल्मलीनं हो म्हटलं. आणखी काही बोलायचं होतं, पण तिचे डोळे मिटत होते.

ही पिकअप २०२६ साली कारखान्यातून बाहेर पडली, तेव्हा शाल्मलीची आई पहिलीत होती.